जी. ए. (महिला विद्यापीठाची बी. ए. च्या जागची पदवी) झालेल्या मुली पुढे गेल्या कुठे? महिला कॉलेजच्या जुन्या पदवीधरांचा माग

दौत_टाक | सोमवार, सकाळी १०:१२

महिला कॉलेजांच्या अमृतमहोत्सवी आणि शताब्दी स्मरणिका सध्या धडाधड निघताहेत. सुरुवातीला संस्थापकांची तसबीर, मग प्राचार्यांची ओळीनं छायाचित्रं, इमारतीचा इतिहास आणि शेवटी 'आमच्या मानकरी' म्हणून सात-आठ नावं. बाकी शेकडो जणी शिकल्या, पदवी घेतली आणि हवेत विरून गेल्या. ज्यांना हे काम नीट करायचंय त्यांच्यासाठी हा धागा. जुनी म्हणजे साधारण १९१६ ते १९६० ची मंडळी धरू.

कामाचे दोन टप्पे आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. आधी यादी, मग आयुष्यं. लोक उलटं करतात. कुणाची तरी नात फोटो घेऊन येते, त्यावर दोन पानं लिहून होतात आणि यादी राहते ती राहतेच.

यादी बहुतेक जण एकाच जनरल रजिस्टरवरून करतात, ते पुरत नाही. तिथं प्रवेश दिसतो, पदवी दिसत नाही. प्रवेश घेतलेल्यांतल्या बऱ्याच जणी लग्न ठरलं की मधेच जायच्या. म्हणून रजिस्टरातली नावं विद्यापीठाच्या निकालपत्रकाशी आणि पदवीदानाच्या पुस्तिकेशी ताडून बघायची. तिन्हीकडे जुळलं तर पक्कं. मात्र मधेच गेलेल्यांची नावं खोडू नका. त्यांची वेगळी यादी करा, ती पुढे लागते.

तक्त्यात किमान इतके रकाने हवेत: स्वतःचा क्रमांक (साल आणि अनुक्रम, उदा. १९३६-०७), रजिस्टरातलं नाव जसंच्या तसं, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, लग्नात बदललेलं नाव, वडील किंवा पालक, जन्मतारीख, विषय, परीक्षेचं साल, पदवीदानाचं साल, पत्ता, नोंद कुठून घेतली (वही आणि पान), खात्री (अ/ब/क; अ म्हणजे पक्की, क म्हणजे कच्ची). 'जसंच्या तसं' हा रकाना कधीही सुधारायचा नाही. कारकुनानं 'दांडेकर'चं 'दाडेकर' लिहिलं असेल तर तिथं 'दाडेकर'च राहणार. सुधारणा शेजारच्या रकान्यात.

---

रजिस्टरवाली | सोमवार, सकाळी ११:४०

चांगला धागा. परीक्षेचं आणि पदवीदानाचं साल वेगळं ठेवायला सांगितलंत हे बरं केलंत, निम्मे घोळ तिथेच होतात. कलकत्त्याच्या बेथून कॉलेजच्या कादंबिनी बसू (पुढे गांगुली) आणि चंद्रमुखी बसू यांच्या पदवीचं साल कुठे १८८२ छापलेलं असतं, कुठे १८८३. परीक्षा एका सालात आणि समारंभ पुढच्या सालात असला की असं होतं. मग दोन लेखक भांडत बसतात आणि दोघंही बरोबर असतात.

जन्मतारखेच्या रकान्यात '१ जून' दिसलं की खात्री आपोआप 'क'. शाळेत घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकलेली असते. अशा निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. :)

शक घातलेला असेल तर नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. शके १८५८ चा चैत्र ते कार्तिक म्हणजे १९३६, पण माघ-फाल्गुन १९३७ मध्ये येतात, तिथं ७९ मिळवायचे. मार्गशीर्ष आणि पौष कुठल्या सालात पडतात ते दर वर्षी बदलतं, तिथं पंचांग बघण्यावाचून गत्यंतर नाही.

---

कोपरखळी | सोमवार, दुपारी १:०५

माहेरचं आणि सासरचं आडनाव एवढाच प्रश्न आहे ना? रजिस्टरात माहेरचं असणार, घरच्यांकडून सासरचं कळलं की झालं. एवढा बाऊ कशाला?

---

दौत_टाक | सोमवार, दुपारी २:३०

@कोपरखळी, 'रजिस्टरात माहेरचंच नाव' हे गृहीतक अण्णा कर्व्यांच्या संस्थांत पहिल्या पावलालाच कोसळतं.

क्रम बघा. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला तो विधवांसाठी. तो पुढे हिंगण्याला गेला. मग १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि तिथून कल्पना पक्की झाली, हे अण्णांनी स्वतःच सांगून ठेवलंय. सुरुवातीला विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत कुमारिका होत्या, लग्न झालेल्या होत्या आणि विधवाही होत्या. विधवा मुलीच्या नावापुढे आधीच सासरचं आडनाव लागलेलं. म्हणजे तुम्ही ज्याला माहेर समजून शोधत बसाल ते सासर निघतं. तिनं पुनर्विवाह केला असेल तर तिसरं आडनाव.

ठळक उदाहरण कमलाबाई देशपांडे. याच विद्यापीठाच्या जी. ए., पुढे प्रागला जाऊन डॉक्टरेट. त्या न. चिं. केळकरांच्या कन्या, हे 'देशपांडे' या नावावरून कुणाला कळणार? त्यांचं कळतं, कारण वडील प्रसिद्ध आणि त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिलं. ज्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नाहीत त्यांचं काय, हा आपला प्रश्न.

म्हणून नावाआधीचं बिरुद उतरवून घ्या. कु., सौ., श्रीमती, गं. भा., मिस, मिसेस, जे असेल ते. तेवढ्या दोन अक्षरांत त्या वर्षीची तिची परिस्थिती असते. टंकलेखन करणारे नेमकं तेच गाळतात.

---

मोडीवेडा | सोमवार, संध्याकाळी ६:१८

जी. ए. म्हणजे काय हे नव्या वाचकांसाठी कुणीतरी लिहायला हवं. गृहीतागमा. बी. ए. च्या जागी ही पदवी आणि पुढची प्रदेयागमा, म्हणजे पी. ए. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी विषय म्हणून सक्तीचं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. १९३६ साली मुख्यालय पुण्याहून मुंबईला गेलं.

शोधणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं असं, की या मुली मुंबई विद्यापीठाच्या कॅलेंडरात सापडणार नाहीत. हे वेगळं विद्यापीठ होतं आणि बरीच वर्षं त्याला सरकारी मान्यता नव्हती. कायदा झाला १९४९ साली, विद्यापीठ म्हणून वैधानिक दर्जा १९५१ साली. तोवर जी. ए. झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत पदवीधर म्हणून उभं करणं अवघड. त्यामुळे त्यांचा माग सरकारी दप्तरात कमी आणि खाजगी कन्याशाळा, आश्रम, वसतिगृहं, महिला मंडळं यांच्या अहवालांत जास्त. ज्या गावात त्या काळी खाजगी कन्याशाळा निघाली तिथं पहिल्या चार-पाच शिक्षिकांत एखादी जी. ए. आहे का बघा. आणि गुजरात विसरू नका. अहमदाबादसारख्या ठिकाणची कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे गुजरातीतून शिकलेल्याही याच यादीत येतात.

दुसरं म्हणजे हिशेबाच्या वह्या. जुन्या संस्थांत नाव-पत्त्याचं रजिस्टर बाळबोध लिपीत आणि खर्चाची खतावणी मोडीत, असं पुष्कळदा दिसतं. मोडी येत नाही म्हणून ती वही बाजूला टाकतात. खरा माल तिथंच असतो: शिष्यवृत्ती कुणाला किती, वसतिगृहाची बाकी कुणी कुठून मनीऑर्डरनं पाठवली, अनामत रक्कम कुठल्या पत्त्यावर परत केली. अनामत परत जाते ती कॉलेज सोडल्यावर, म्हणजे तो पत्ता पुढचा असतो, बहुधा सासरचा किंवा नोकरीच्या गावचा. एका ओळीत दोन्ही आडनावं जोडणारा पुरावा यापेक्षा स्वस्तात कुठे मिळत नाही.

---

साबणाचा_फुगा | सोमवार, रात्री ९:५०

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

प्राचीचे_पान | मंगळवार, सकाळी ८:२२

दुसऱ्या टप्प्यासाठी, म्हणजे आयुष्यं शोधायला, एक जुना नमुना सांगते. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया. १८५० साली निघालं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली तिथूनच एम. डी. झाल्या. तिथल्या डीन रेचल बॉडली मुळात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी १८८१ साली आपल्या हयात असलेल्या सगळ्या पदवीधरांना, म्हणजे २४४ जणींना, छापील प्रश्नावली पाठवली. १८९ उत्तरं आली. बाई शिकली की संसार बुडतो, त्या डॉक्टरकी करतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना त्यांना आकड्यांनी उत्तर द्यायचं होतं.

प्रश्न कसे होते ते बघण्यासारखं आहे. प्रॅक्टिस करता का, कसली, कमाई किती, वैद्यकीय संस्थेत प्रवेश मिळाला का, आणि पत्नी-आई म्हणून घरावर या कामाचा काय परिणाम झाला. कमाईचा आकडा फक्त ७६ जणींनी दिला. सरासरी निघाली वर्षाला जवळपास ३००० डॉलर, त्या काळात उत्तमच. पण इथं थांबून विचार करायचा. आकडा सांगणाऱ्या बहुधा बऱ्या कमावणाऱ्याच असणार. ज्या ५५ जणींनी उत्तरच दिलं नाही त्यांचं काय चाललं होतं ते या सरासरीत नाही. आपल्या स्मरणिकांचं हेच होतं. फॉर्म भरून पाठवणारी बाई मुख्याध्यापिका झालेली असते. न पाठवणारीबद्दल आपण गप्प बसतो आणि मग '९० टक्के विद्यार्थिनी उच्च पदांवर' असं छापतो. आकडा छापायचा तर तीन आकडे छापा: एकूण किती, सापडल्या किती, उत्तर दिलं किती.

---

रजिस्टरवाली | मंगळवार, सकाळी १०:०१

+१. आनंदीबाईंचा विषय निघालाय तर नावाचा गुंता तिथंही आहे. जन्मनाव यमुना, लग्नानंतर आनंदी. कॉलेजच्या इंग्रजी कागदांत आडनावाच्या शेवटी 'आय' नाही, दोन 'ई' आहेत. आजच्या सवयीनं 'आय' घालून तिथल्या सूचीत शोधलं तर हाती काही लागत नाही. इंग्रजी स्पेलिंग किमान चार तऱ्हांनी टाकून बघायचं हा नियमच करून टाका. त्याच कॉलेजातून १८९२ साली डॉक्टर झालेल्या गुरुबाई करमरकर पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होत्या. त्यांचा शोध भारतीय कागदांपेक्षा मिशनच्या वार्षिक अहवालांत लवकर लागतो.

रखमाबाईंचं आणखी वेगळं. इंग्रजी नोंदींत बहुतेक ठिकाणी नुसतं एकच नाव, आडनाव नाही. त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि एम. डी. ब्रुसेल्सहून, १८९४. शिकवणारं कॉलेज एक, पदवी देणारी संस्था दुसरी. कॉलेजच्या यादीत नाव आहे पण पदवी दिसत नाही म्हणून 'अपूर्ण' शेरा मारायच्या आधी हे तपासा. आपल्याकडे बी. टी., एस. टी. सी. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या परीक्षा झालेल्या शिक्षिकांचंही असंच होतं. कॉलेज एकीकडे, परीक्षा भलतीकडे.

---

कोपरखळी | मंगळवार, दुपारी १२:१५

बाऊ शब्द मागे घेतो. :)

मग कॉर्नेलिया सोराबजी का नाहीत यादीत? मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर.

---

प्राचीचे_पान | मंगळवार, दुपारी १२:४०

त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या, आणि ते महिला कॉलेज नव्हे. धाग्याच्या विषयाबाहेर, पण एका कामाला येतात. 'पहिली' हा शब्द दिसला की विचारायचं: कशात पहिली? विद्यापीठात, कॉलेजात, विषयात, की जिल्ह्यात? परीक्षा देणारी पहिली की उत्तीर्ण होणारी? एकाच लेखावरून दहा ठिकाणी उतरवलेलं असेल तर तो पुरावा एकच, दहा नव्हे. 'पहिल्या' म्हणून छापून झाल्यावर दोन वर्षं आधीची दुसरी निघाली की स्मरणिका दुरुस्त करता येत नाही. 'सुरुवातीच्या पदवीधरांपैकी' लिहा, कुणाचं काही बिघडत नाही.

---

कसर_वाळवी | मंगळवार, रात्री ८:०७

शोध कुठे घ्यायचा यावर भर घालतो.

*कुलवृत्तांत.* जुन्या कुलवृत्तांतात मुलींच्या नावापुढे 'दिली' असं लिहून सासरचं आडनाव आणि गाव असतं, शिक्षण झालं असेल तर तेही. माहेर आणि सासर अशा दोन्ही कुळांचे वृत्तांत मिळाले तर जोडणी पक्की. तोटा मोठा आहे. कुलवृत्तांत छापायची रीत ठरावीक जातींत. तेवढ्यावर विसंबलात तर यादीत चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, सीकेपी नावंच उरतील आणि वाटेल की शिकत होत्या त्याच. बहुजन, दलित, मुस्लिम, ख्रिस्ती घरांतल्या मुली वसतिगृहाच्या नोंदवहीत, शिष्यवृत्तीच्या खात्यात, ट्रेनिंग कॉलेजात, नगरपालिका शाळांच्या शिक्षक यादीत शोधाव्या लागतात. त्याला तिप्पट वेळ लागतो, म्हणून कुणी करत नाही. आपण करावं.

*निधनवार्ता.* 'पूर्वाश्रमीच्या' हा शब्द धरून वाचा. स्थानिक दैनिकांच्या बांधलेल्या फायली जिल्हा ग्रंथालयात असतात. साल माहीत नसेल तर त्यात हात घालू नका, महिना वाया जातो.

*शाळांची सेवापुस्तकं.* शिक्षिका असेल तर नियुक्ती, पात्रता, बढती, रजा आणि निवृत्ती सगळं एका जागी. नावबदलाची नोंद तारखेसह असते. संस्थेकडून लेखी परवानगी घ्यायची. पानांचे फोटो मिळाले नाहीत तरी नोंदी उतरवून घेऊ देतात.

*मासिकं.* १९३० नंतरच्या 'स्त्री' मासिकाचे अंक चाळताना लेखांइतकंच वाचकांच्या पत्रांकडे आणि संस्थावृत्तांकडे लक्ष ठेवा. तिथं 'सौ. अमुक, जी. ए.' अशी सही असते आणि शेजारी गाव. पदवी नावामागे लावायची त्या काळची हौस आपल्या पथ्यावर पडते.

---

मोडीवेडा | मंगळवार, रात्री १०:३३

जातीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के. फक्त एक सावधगिरी, आडनावावरून जात ठरवून रकाना भरू नका. रजिस्टरात लिहिली असेल तरच, आणि तीही छापायची नाही.

---

आवाज_की_दुनिया | बुधवार, सकाळी ९:१५

मुलाखतींबद्दल कुणी लिहिलं नाही. १९६० च्या आसपासच्या पदवीधर आता पंचाऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. त्या आधीच्यांची मुलंच सत्तरीच्या पुढची. म्हणजे हे काम सगळ्यात आधी उरकायचं, कागद थांबतील.

फोन चालतो, वेगळं यंत्र लागत नाही. विमान मोडवर टाका, ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही निवडा, ४८ किलोहर्ट्झ. फोन बोलणाऱ्या बाईंपासून एक वीत ते दीड वीत अंतरावर, टेबलावर नुसता नाही, खाली घडी घातलेला टॉवेल, नाहीतर कपबशी ठेवल्याचा दणका रेकॉर्ड होतो. पंखा बंद. स्वयंपाकघराशेजारची खोली टाळा, कुकरच्या शिट्टीखाली नेमकं गावाचं नाव जातं. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघांची नावं मोठ्यानं बोला. तासाभराच्या वर बसवू नका. एक तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात, हे आधीच हिशेबात धरा, नाहीतर चाळीस मुलाखती पेनड्राइव्हमध्ये पडून राहतात.

'तुमच्या आईचं योगदान काय?' असं विचारलं की 'फार कष्ट केले हो' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: कॉलेजची फी कुणी भरली? कॉलेजात जाताना नऊवारी की पाचवारी, आणि त्यावरून घरात काय झालं? पहिली नोकरी कुणाच्या ओळखीनं? पगार कुणाच्या हातात जायचा? बाळंतपणाची रजा मिळाली का? पदवीचा कागद घरात कुठे असायचा? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा कुणीतरी उठून कपाट उघडतं.

संमतीपत्र मुलाखत झाल्यावर सही करून घ्या, आधी नको. काय बोललो ते माणसाला तेव्हा माहीत असतं. ध्वनिफीत, मजकूर आणि फोटो या तिन्हींसाठी वेगवेगळे होय-नाही ठेवा.

---

साबणाचा_फुगा | बुधवार, सकाळी ११:०२

घरच्यांनी दिलेले जुने फोटो व्हॉट्सॲपवर आले तर चालतील का छपाईला?

---

कसर_वाळवी | बुधवार, दुपारी १२:२०

नाही. व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होऊन येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तेही नाइलाज असेल तर. स्वतः स्कॅन करा: फोटो ६०० डीपीआय, छापील कागद ३०० पुरे. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपीजी. फाइलचं नाव दौत_टाक यांच्या क्रमांकाचंच, १९३६-०७-फोटो-१ असं. 'आजी कॉलेज' नावाच्या बारा फायली झाल्या की कपाळाला हात.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायचा नाही, त्याचा गोंद पिवळा पडून शाई खातो. लॅमिनेशन तर मुळीच नाही. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद टराटरा जातो. टाचणीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून हळूच सोडवा. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलनं, बॉलपेनची रेघ पुढून उमटते.

गटचित्र असेल तर मूळ फोटोवर क्रमांक घालू नका. ट्रेसिंग पेपरवर डोक्यांचे गोल काढून त्यात क्रमांक द्या आणि नावं खाली. मागे लिहिलेल्या 'डावीकडून' वर आंधळा विश्वास नको. कधी बघणाऱ्याची डावी असते, कधी बसलेल्यांची. मधोमध बसलेल्या प्राचार्यांची जागा ओळखून पडताळा.

---

दौत_टाक | बुधवार, संध्याकाळी ५:४५

सगळ्यांचे आभार. मजकूर लिहिण्याबद्दल दोन गोष्टी आणि थांबतो.

प्रत्येकीला दीडशे शब्द. त्यात जन्मगाव, काय शिकली, कुणाच्या पाठिंब्यावर, मग काय केलं, कुठे, किती वर्षं. विशेषणं गाळा. 'आदर्श माता', 'त्यागमूर्ती', 'कुटुंबवत्सल' हे शब्द निधनवार्तेतून उचलून थेट येतात आणि तिनं १९४२ नंतर सात वर्षं रात्रीचे वर्ग चालवले की आणखी काही, ते त्याखाली दडपून जातं. घरीच राहिली असेल तर तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही. जी. ए. झालेल्या आईनं घरी चार मुलांना आणि शेजारच्या सहांना इंग्रजी शिकवलं, तर तीही माहितीच आहे, फक्त आकडा आणि गाव विचारून घ्या.

जिच्याबद्दल नाव आणि सालाखेरीज काहीच मिळालं नाही तिला वगळू नका. नाव, साल आणि पुढे कोरी जागा, तशीच छापा. पुस्तक गावोगाव गेलं की त्या जागेवर बोट ठेवून पत्रं येतात.

---

कोपरखळी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

शेवटचा प्रश्न, खरंच गंमत म्हणून नाही. सूची कुठल्या आडनावानं लावायची?

---

रजिस्टरवाली | बुधवार, संध्याकाळी ६:४१

दोन्ही. माहेरच्या आडनावाखाली पान क्रमांक, सासरच्या आडनावाखालीही पान क्रमांक. 'पाहा अमुक' असं लिहून वाचकाला परत पळवू नका. तीन आडनावं असतील तर तीनदा. चार पानं वाढतील, कागदाचा खर्च तेवढा धरून ठेवा.